प्रसूतीनंतरचे संततिनियमन : काळ, साधने आणि स्त्रीची निवड

गोषवारा

प्रसूतीनंतरचे पहिले वर्ष हा स्त्रीच्या प्रजननविषयक आयुष्यातील सर्वाधिक अनिश्चित काळ असतो. पाळी आलेली नसते, बाळ अंगावर पीत असते आणि पुन्हा दिवस राहण्याची शक्यता नाही असा सार्वत्रिक समज असतो. प्रस्तुत लेखात या काळातील शरीरावस्था, उपलब्ध गर्भनिरोधक साधने, ती सुरू करण्याचा योग्य काळ आणि निवडीचे निकष यांचे विवेचन केले आहे. महाराष्ट्रात संततिनियमनाचा भार प्रामुख्याने स्त्रीनसबंदीवर आहे. त्यामुळे शेवटच्या बाळंतपणानंतरच्या प्रश्नाला उत्तर मिळते, पहिल्या बाळंतपणानंतरचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : प्रसूती, स्तन्यपान, गर्भनिरोधन, पाळणा लांबवणे, नसबंदी, संमती.

प्रस्तावना

मराठी आरोग्यप्रसारात ‘पाळणा लांबवणे’ हा शब्दप्रयोग चांगला रुळलेला आहे. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर राखणे, असा त्याचा अर्थ. अपत्यसंख्या पुरी झाल्यावर कुटुंब थांबवणे ही याहून वेगळी बाब आहे. पहिल्या प्रकारात स्त्रीला पुढे मूल हवे असते, पण आत्ता नको असते. दुसऱ्या प्रकारात तिला मूल नकोच असते. या दोन इच्छांसाठी लागणारी साधने निराळी, ती वापरण्याचा काळ निराळा आणि त्यांविषयी द्यावा लागणारा सल्लाही निराळा. व्यवहारात मात्र या दोहोंसाठी ‘कुटुंबनियोजन’ हा एकच शब्द वापरला जातो आणि त्या शब्दाचा लोकांच्या मनातील अर्थ बहुतेक वेळा ‘ऑपरेशन’ असाच असतो.

या अर्थसंकोचाचे परिणाम केवळ भाषिक नाहीत. एकोणीस-वीस वर्षांच्या वयात पहिल्यांदा आई झालेल्या स्त्रीला नसबंदी करावयाची नसते आणि नियमानुसार ती करताही येत नाही. तिला हवे असते ते दोन-तीन वर्षांचे स्वास्थ्य. त्या काळात तिचे शरीर पूर्वपदावर यावे, बाळाला पुरेसे दूध मिळावे आणि शक्य असल्यास अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण व्हावे, एवढीच तिची अपेक्षा असते. ती पूर्ण होण्यासाठी कोणते साधन, केव्हा आणि कोणाच्या निर्णयाने निवडावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

संततिनियमनाच्या विचाराशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. गणिताचे प्राध्यापक असलेल्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले होते. या कार्यापायी कर्व्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. १९२७ मध्ये सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी १९५३ मध्ये निधन होईपर्यंत चालविले. मूल होऊ देणे वा न देणे हा स्त्रीच्या स्वतःच्या अधिकाराचा प्रश्न आहे, ही त्यांची भूमिका त्या काळात अपवादात्मक होती. १९३८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तयार केलेला संततिनियमनविषयक ठराव पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडला. तो फेटाळला गेला. १९४९ मध्ये धन्वंती रामा राव यांच्या पुढाकाराने मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली आणि १९५२ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर कुटुंबनियोजनाचा शासकीय कार्यक्रम स्वीकारला. असा कार्यक्रम स्वीकारणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला.

शासकीय कार्यक्रमात स्त्रीच्या अधिकाराची जागा हळूहळू लोकसंख्येच्या आकड्याने घेतली. १९६९ मध्ये रुग्णालयांतील प्रसूतिपश्चात कार्यक्रम देशात सुरू झाला. प्रसूतीसाठी रुग्णालयात आलेली स्त्री संततिनियमनाचा विचार करण्यास अनुकूल मनःस्थितीत असते, हे त्यामागील गृहीतक होते. ते पूर्णतः चुकीचे नव्हते. मात्र उद्दिष्टपूर्तीच्या दडपणाखाली या अनुकूलतेचा अर्थ ‘नसबंदीसाठी योग्य वेळ’ असा लावला गेला. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशभरात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. त्याचा कायदा मात्र झाला नाही. १९७७ नंतर कार्यक्रमाचे नाव ‘कुटुंब कल्याण’ झाले. पुरुषांवरील सक्तीचा राजकीय फटका बसल्यानंतर कार्यक्रमाचा भार स्त्रियांकडे सरकला आणि तो पुन्हा मागे फिरला नाही. १९९४ च्या कैरो परिषदेनंतर, १९९६ मध्ये, भारताने पद्धतीनिहाय उद्दिष्टे अधिकृतपणे रद्द केली. तरीही जी सवय तीन दशकांत जडली होती, ती एका परिपत्रकाने नाहीशी होणे शक्य नव्हते.

प्रसूतीनंतरची शरीरावस्था

साधनांची निवड समजून घेण्यापूर्वी प्रसूतीनंतर प्रजननक्षमता केव्हा परत येते, हे पाहणे आवश्यक आहे. जी स्त्री बाळाला अंगावर पाजत नाही, तिच्या बीजांडकोशाचे कार्य फार लवकर पूर्ववत होते. अशा स्त्रीत चौथ्या आठवड्यापासूनही बीजविमोचन होऊ शकते. बीजविमोचन हे पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी होते. त्यामुळे प्रसूतीनंतरची पहिली पाळी दिसण्यापूर्वीच गर्भधारणा होऊ शकते. ‘पाळी आली की मग पाहू’ ही भूमिका म्हणूनच धोक्याची आहे. पाळीची वाट पाहत असलेल्या स्त्रीला ती न येण्याचे कारण पुन्हा राहिलेला गर्भ आहे, हे कित्येकदा तीन-चार महिन्यांनी कळते.

स्तन्यपानामुळे या प्रक्रियेला विलंब होतो. बाळ स्तन चोखते तेव्हा मेंदूकडे जाणाऱ्या संवेदनांमुळे प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि बीजांडकोशाला चालना देणाऱ्या संप्रेरकांची लय दबली जाते. हा परिणाम दुधाच्या प्रमाणावर नव्हे, तर बाळाच्या वारंवार चोखण्यावर अवलंबून असतो. रात्रीचे पाजणे बंद झाले किंवा वरचे दूध सुरू झाले की हा परिणाम ओसरू लागतो.

या नैसर्गिक यंत्रणेचा गर्भनिरोधासाठी कितपत भरवसा धरावा, याविषयी इटलीतील बेलाजिओ येथे १९८८ मध्ये झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत एकमत झाले. त्यातून पुढे स्तन्यपानाधिष्ठित पद्धतीच्या तीन अटी निश्चित झाल्या. पहिली अट, बाळ सहा महिन्यांहून लहान असावे. दुसरी, प्रसूतीनंतर पाळी आलेली नसावी. तिसरी, बाळाचा आहार पूर्णतः किंवा जवळजवळ पूर्णतः आईचे दूध हाच असावा आणि दोन पाजण्यांतील अंतर दिवसा चार तासांपेक्षा व रात्री सहा तासांपेक्षा जास्त नसावे. या तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या जात असतील, तर पहिल्या सहा महिन्यांत शंभरांपैकी दोनांहून अधिक स्त्रियांना दिवस राहत नाहीत. एक जरी अट मोडली, तरी दुसरे साधन तत्काळ सुरू करावे लागते.

मराठी घरांत तिसरी अट सर्वांत लवकर मोडते. घुटी, मध, पाणी किंवा दूध कमी पडते या समजुतीने दिलेले वरचे दूध ही त्याची नेहमीची कारणे होत. घुटीच्या एखाद्या चाटणाने पद्धत निकामी होते असे नाही. परंतु वरच्या आहारामुळे पाजण्याच्या वेळा कमी झाल्या, तर संरक्षणही कमी होते. ‘अंगावर पीत असताना दिवस जात नाहीत’ या समजुतीत सत्यांश आहे. मात्र त्या सत्याची मुदत सहा महिन्यांची आहे आणि समजुतीत तेवढाच भाग सांगितलेला नसतो.

अंतर का हवे

जिवंत बालकाच्या जन्मानंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिन्यांचा अवधी असावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये बोलावलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत करण्यात आली. म्हणजे दोन अपत्यांच्या वयांत सुमारे तीन वर्षांचे अंतर राहते. गर्भधारणा लवकर झाल्यास अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचे बाळ आणि मातेचा रक्तक्षय यांची शक्यता वाढते. शिवाय मोठ्या बाळाचे अंगावरचे दूध अकाली तुटते.

रक्तक्षयाचा मुद्दा महाराष्ट्राच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गरोदरपण, बाळंतपणातील रक्तस्राव आणि स्तन्यपान यांत खर्ची पडलेले लोह आणि पोषण भरून येण्यास काळ लागतो. तो काळ मिळाला नाही, तर दुसरे गरोदरपण आधीच रित्या झालेल्या शरीरावर येते.

साधने आणि त्यांचा योग्य काळ

प्रसूतीनंतर कोणतेही साधन केव्हाही वापरता येत नाही. साधन चांगले की वाईट या प्रश्नाआधी ‘कितव्या आठवड्यात’ आणि ‘बाळ अंगावर पिते का’ हे दोन प्रश्न विचारावे लागतात.

(१) निरोध : शरीरसंबंध पुन्हा सुरू होताच निरोध वापरता येतो. दुधावर त्याचा परिणाम होत नाही आणि संसर्गापासूनही संरक्षण मिळते. मात्र प्रत्यक्ष व्यवहारातील अनियमिततेमुळे वर्षभरात शंभरांपैकी सुमारे १३ स्त्रियांना दिवस राहतात. शिवाय त्याचा वापर सर्वस्वी पतीच्या सहकार्यावर अवलंबून असतो.

(२) तांबी : गर्भाशयात बसविण्याच्या या साधनाला मराठीत तांबी हे नाव रूढ आहे. प्रसूतीनंतर वार पडल्यावर दहा मिनिटांच्या आत, सिझेरियनच्या वेळी किंवा ४८ तासांच्या आत ती बसविता येते. ही वेळ टळल्यास मात्र काही आठवडे थांबणे इष्ट असते. भारतातील प्रघातानुसार ती नंतर सहा आठवड्यांनी बसवितात. शासकीय कार्यक्रमातील एक प्रकार दहा वर्षे, तर दुसरा पाच वर्षे काम देतो. वर्षभरात शंभरांपैकी एकाहूनही कमी स्त्रीला दिवस राहतात. दुधावर परिणाम होत नाही आणि तांबी काढताच गर्भधारणेची क्षमता परत येते. प्रसूतीनंतर लगेच बसविलेली तांबी आपोआप निसटण्याचे प्रमाण नंतर बसविलेल्या तांबीपेक्षा अधिक असते. म्हणून सहाव्या आठवड्यातील तपासणी टाळू नये. काही स्त्रियांत पाळीचा रक्तस्राव वाढतो. तीव्र रक्तक्षय असलेल्या स्त्रीच्या बाबतीत याचा विचार करावा लागतो. प्रसूतीच्या वेळी ताप वा जंतुसंसर्ग असल्यास, गर्भजल फुटून १८ तासांहून अधिक काळ लोटला असल्यास किंवा अतिरक्तस्राव आटोक्यात आलेला नसल्यास तांबी बसवीत नाहीत. ती पोटात फिरते वा छातीत जाते, ही भीती मात्र निराधार आहे.

(३) संयुक्त गोळ्या : माला-डी आणि माला-एन या सर्वपरिचित गोळ्यांत दोन संप्रेरके असतात. त्यांतील इस्ट्रोजेनमुळे दूध कमी होण्याचा संभव असतो आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत, जेव्हा शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळातच वाढलेला असतो, तेव्हा तो आणखी वाढतो. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने पहिल्या सहा आठवड्यांत या गोळ्या मुळीच घेऊ नयेत. सहा महिन्यांपर्यंतही त्या सामान्यतः टाळाव्यात. न पाजणाऱ्या स्त्रीनेही पहिले तीन आठवडे त्या घेऊ नयेत आणि गुठळ्यांचा अन्य धोका असल्यास सहा आठवडे थांबावे. औषधाच्या दुकानातून परस्पर आणून गोळ्या सुरू करणाऱ्या बाळंतिणीला ही माहिती दिली जातेच असे नाही.

(४) छाया : सेंटक्रोमन हे औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झाले. ‘सहेली’ या नावाने ते १९९१ पासून बाजारात आहे आणि २०१७ पासून शासकीय आरोग्यसेवेत ‘छाया’ या नावाने उपलब्ध आहे. ते संप्रेरक नाही, म्हणून पाजणाऱ्या मातेला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर आठवड्यातून एकदा अशी ती गोळी घ्यावयाची असते. सुरुवातीला पाळी लांबते, हे आधी सांगितले नसेल तर स्त्री घाबरून गोळी सोडून देते. यकृताचा वा मूत्रपिंडाचा विकार, नुकतीच झालेली कावीळ, क्षयरोग किंवा बीजांडकोशात गाठी असल्यास ती देत नाहीत.

(५) अंतरा : दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे हे इंजेक्शन शासकीय कार्यक्रमात २०१७ मध्ये आले. पाजणाऱ्या मातेला ते सहा आठवड्यांनंतर देतात. पाळी अनियमित होणे किंवा बंद होणे हा त्याचा अपेक्षित परिणाम आहे. शेवटच्या इंजेक्शननंतर गर्भधारणेची क्षमता परत येण्यास साधारण सात ते दहा महिने लागतात. म्हणून वर्षभरातच पुढील अपत्याचा विचार असलेल्या स्त्रीसाठी ते सोयीचे नाही. घरात कोणाला न कळता वापरता येणारे साधन म्हणून काही स्त्रिया त्याला पसंती देतात.

(६) अन्य संप्रेरक साधने : केवळ प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळ्या पाजणाऱ्या मातेला चालतात, परंतु भारतात त्यांचा वापर फारसा रुजला नाही. दंडाच्या त्वचेखाली बसवावयाची कांडी अत्यंत परिणामकारक आहे. भारतात ती शासकीय कार्यक्रमाच्या मर्यादित कक्षेतच आली आहे.

(७) स्त्रीनसबंदी : प्रसूतीनंतर सात दिवसांच्या आत ही शस्त्रक्रिया करतात. त्या वेळी गर्भाशय वर, बेंबीच्या जवळ असल्याने लहान छेदातून बीजवाहिन्या सहज हाती लागतात. सात दिवस उलटल्यास सहा आठवडे थांबावे लागते. लोकांत ‘बिनटाक्याचे’ म्हणून परिचित असलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया प्रसूतीनंतर लगेच करीत नाहीत. शासकीय निकषांनुसार स्त्रीचे वय २२ ते ४९ वर्षांच्या दरम्यान असावे आणि दांपत्याला एक वर्षाहून मोठे किमान एक अपत्य असावे लागते. ही पद्धत कायमची समजूनच स्वीकारावयाची असते. तरीही शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षी हजारांपैकी सुमारे पाच स्त्रियांना दिवस राहू शकतात.

(८) पुरुषनसबंदी : ही शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी, कमी धोक्याची आणि अधिक परिणामकारक आहे. पोट उघडावे लागत नाही. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने दुसरे साधन वापरून वीर्यतपासणी करून घ्यावी लागते. बाळंतपणाच्या दृष्टीने तिचा एक विशेष लाभ असा की नुकत्याच प्रसूत झालेल्या शरीरावर आणखी एका शस्त्रक्रियेचा भार पडत नाही.

निवडीचे निकष

वरील विवेचनावरून एकच साधन सर्वांना सर्वोत्तम ठरत नाही, हे स्पष्ट होते. निवड करताना स्त्रीला पुढे मूल हवे आहे काय व केव्हा, बाळ अंगावर पिते काय, रक्तक्षय, उच्च रक्तदाब वा अन्य आजार आहे काय, दर आठवड्याला वा तीन महिन्यांनी आठवण ठेवणे तिला शक्य आहे काय आणि घरातून तिला कितपत पाठिंबा आहे, या प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात. यांतील शेवटचा प्रश्न वैद्यकीय नाही, परंतु साधन टिकते की सुटते हे बहुधा त्यावरच ठरते.

येथे एक सामाजिक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. पहिल्या बाळंतपणासाठी मुलीने माहेरी येण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वदूर आहे. सव्वा महिन्याची परंपरागत विश्रांती आणि वैद्यकशास्त्रातील सहा आठवड्यांचा काळ हे जवळजवळ जुळतात. या काळात शरीरसंबंध नसल्याने संरक्षणाची तातडी भासत नाही. खरी जोखीम ती सासरी परतते तेव्हा सुरू होते. परंतु त्या क्षणी माहेरच्या गावातील आशा कार्यकर्ती आणि परिचारिका मागे राहिलेल्या असतात आणि सासरच्या गावातील आरोग्य उपकेंद्राला तिच्या परत येण्याची माहिती असतेच असे नाही. दोन गावांच्या मध्ये हा सल्ला हरवतो. माहेराहून निघण्यापूर्वीच साधन ठरलेले असणे, हा यावरील साधा उपाय होय.

महाराष्ट्रातील वस्तुस्थिती

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील विवाहित स्त्रियांपैकी ५६.५ टक्के आधुनिक गर्भनिरोधक साधने वापरत होत्या. त्यांत स्त्रीनसबंदीचा वाटा ३७.९ टक्के, तर पुरुषनसबंदीचा ०.३ टक्के होता. महाराष्ट्रात आधुनिक साधनांचा वापर सुमारे ६४ टक्के, तर स्त्रीनसबंदीचे प्रमाण सुमारे ४९ टक्के आढळले. म्हणजे राज्यात आधुनिक साधन वापरणाऱ्या दर चार स्त्रियांपैकी तिघींनी शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. राज्याचा एकूण जननदर १.७ पर्यंत खाली आला होता. आकड्यांच्या दृष्टीने हे यश आहे. परंतु हे यश लवकर लग्न, लागोपाठ दोन बाळंतपणे आणि पंचविशीच्या आसपास नसबंदी अशा क्रमाने मिळाले असेल, तर त्यात पाळणा थांबला, लांबला नाही, असेच म्हणावे लागते.

शासकीय धोरणांचा रोखही अंतरापेक्षा संख्येवरच राहिला आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन) नियम, २००५ यांच्याशी शासकीय सेवेतील प्रत्येकाचा परिचय असतो. पंचायत राज संस्थांच्या निवडणुकांसाठीही दोन अपत्यांची अट लागू करण्यात आली. या नियमांत अपत्ये किती हा प्रश्न आहे. ती किती अंतराने झाली आणि त्या काळात स्त्रीच्या प्रकृतीचे काय झाले, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही.

संमती : केव्हा आणि कोणाची

त्याच पाहणीनुसार राज्यातील सुमारे ९५ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत होत होत्या. त्यामुळे प्रसूतीच्या वेळीच तांबी बसविणे वा नसबंदी करणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सुलभ झाले आहे. स्त्रीला पुन्हा प्रवास करावा लागत नाही आणि मजुरी बुडत नाही, हे लाभ खरे आहेत. परंतु याच सुलभतेत संमतीचा प्रश्न दडलेला आहे. कळा येत असलेल्या, भूल दिलेल्या किंवा भयभीत स्त्रीने केलेली सही ही निवड नव्हे. नसबंदीविषयक शासकीय निकषांतही दडपणाखाली किंवा गुंगीच्या अवस्थेत संमती घेऊ नये, असे म्हटले आहे. स्त्रीच्या नसबंदीसाठी पतीची संमती कायद्याने आवश्यक नाही, हेही त्या निकषांतून स्पष्ट होते. व्यवहारात मात्र अनेक ठिकाणी पतीच्या किंवा सासूच्या होकारावाचून पुढे जात नाहीत आणि तो होकार असला की स्त्रीला स्वतंत्रपणे विचारण्याची गरज वाटत नाही. पूर्ण कल्पना न देता तांबी बसविल्याच्या तक्रारीही देशाच्या काही भागांतून पुढे आल्या आहेत.

उद्दिष्टांच्या घाईचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात, हे छत्तीसगडमधील बिलासपूर येथील नोव्हेंबर २०१४ च्या शिबिराने दाखवून दिले. एका दिवसात ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या आणि त्यानंतर १३ स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास प्रकरणी १४ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेल्या निर्णयात नसबंदी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याच्या दिशेने पावले उचलण्यास सांगितले आणि संमती ही माहितीपूर्ण असली पाहिजे, यावर भर दिला.

या सर्वांचा व्यावहारिक निष्कर्ष एकच निघतो. प्रसूतीनंतरच्या साधनाची निवड प्रसूतीपूर्वी व्हावयास हवी. गरोदरपणातील तपासण्यांच्या वेळी स्त्रीशी, शक्य असल्यास प्रथम तिच्याशी एकटीशी आणि नंतर पतीसह, बोलणे झाले पाहिजे. तिचा निर्णय तपासणीच्या कार्डावर नोंदवावा आणि प्रसूतीनंतर तो बदलण्याची मोकळीक तिला असावी. ‘आत्ता काहीच नको’ हेही एक उत्तर आहे. मात्र असे उत्तर देणाऱ्या स्त्रीला स्तन्यपानाच्या तीन अटी आणि सहा महिन्यांची मुदत ठाऊक असली पाहिजे.

शिक्षणसंस्थांचा संबंध

हा विषय केवळ आरोग्य खात्याचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. पाचव्या पाहणीत राज्यातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले. अनेक मुलींची लग्ने पदवीचे शिक्षण चालू असताना होतात. प्रथम वर्षाच्या हजेरीपटावर असलेली विद्यार्थिनी तृतीय वर्षात दिसेनाशी होते, तेव्हा त्यामागे बहुधा लग्न आणि बाळंतपण हा क्रम असतो. पहिल्या अपत्यानंतर काही मुली पुन्हा परीक्षेला बसतात. दुसरे अपत्य लगोलग झाल्यास ते दार बहुतेक कायमचे बंद होते. अशा विद्यार्थिनीच्या बाबतीत दोन अपत्यांतील अंतर हा तिच्या पदवीचाही प्रश्न ठरतो.

राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, गृहविज्ञान व समाजशास्त्र या विषयांचे अध्यापन आणि महाविद्यालयांतील महिला कक्ष या माध्यमांतून ही माहिती विद्यार्थी आणि विद्यार्थिनी या दोघांपर्यंत नेता येईल. ती मुलांपर्यंत पोहोचणे तितकेच आवश्यक आहे. निरोध आणि पुरुषनसबंदी यांचा वापर वाढावयाचा असेल, तर त्याची तयारी लग्नापूर्वीच व्हावयास हवी. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांचे वर्षातून एखादे व्याख्यान आयोजित करण्यास स्वतंत्र निधीचीही आवश्यकता नाही.

समारोप

कर्व्यांनी १९२१ मध्ये जो प्रश्न उपस्थित केला तो साधनांच्या अभावाच्या काळातील होता. आज साधनांचा अभाव नाही. निरोध, तांबी, छाया आणि अंतरा ही साधने शासकीय आरोग्यसेवेत विनामूल्य मिळतात आणि त्यांपैकी प्रत्येकाचा योग्य काळ शास्त्राने निश्चित केलेला आहे. उणीव आहे ती योग्य वेळी, योग्य व्यक्तीला विचारण्याची. शेवटच्या बाळंतपणानंतर स्त्रीला शस्त्रक्रियेसाठी तयार करण्यात व्यवस्थेने जेवढी शक्ती खर्च केली, तिचा काही अंश पहिल्या बाळंतपणानंतर तिला काय हवे आहे हे जाणून घेण्याकडे वळविला, तर मातेचे स्वास्थ्य, बाळाचे पोषण आणि तरुण स्त्रीचे शिक्षण या तिन्ही गोष्टी साधतील. त्यासाठी गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीपासून हा विषय बोलला जाणे आणि त्यात स्त्रीचा शब्द अखेरचा मानला जाणे, या दोन गोष्टी अपरिहार्य आहेत.